दुसरी पुडी वेळेवर काढा
आमचं जिन किट घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

"जिन कडू झाली, मसाला बदलून द्या," असे फोन आम्हाला वरचेवर येतात. थोडी विचारपूस केली की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते. किटमधल्या मसाल्याच्या दोन्ही पुड्या एकदमच व्होडकाच्या बरणीत गेलेल्या असतात आणि आठवडाभर तिथेच मुरत पडलेल्या असतात.

दोन पुड्या आम्ही हौस म्हणून करत नाही. एकाच पुडीत सगळं भरणं आम्हालाही सोपं आणि स्वस्त पडलं असतं. पण पहिल्या पुडीतल्या ज्युनिपर (जिनला तिची खास चव देणारं छोटं फळ), धणे आणि अँजेलिकाच्या मुळाला ७५० मिली व्होडकात २४ तास सहज चालतात. दुसरीतली वेलची, दालचिनी आणि संत्र्याची वाळवलेली साल मात्र उतावळी असतात. सुगंध पटकन सोडतात आणि मागोमाग कडवटपणा सोडायला लागतात. चहा जास्त उकळला तर कडक होत नाही, कडवट होतो, तसंच हे.

म्हणून दुसरी पुडी दुसऱ्या दिवशी सकाळी टाका, रात्री टाकून झोपू नका. सहा तासांनंतर दर तासाला चमचाभर चाखा. चाखताना तितकंच पाणी मिसळा, कारण नुसत्या ४० टक्के अल्कोहोलने जीभ चुरचुरते आणि कडवटपणा लपून राहतो. दालचिनी ज्युनिपरच्या पुढे जातेय असं वाटलं की लगेच गाळा. आधी मलमलच्या कापडातून, मग कॉफीच्या फिल्टरमधून. फिल्टर पिळू नका, गाळ खाली उतरतो.

कडू झालीच तर साखर घालत बसू नका. साधी व्होडका थोडी थोडी मिसळत चव बघा. फेकून देण्यापेक्षा ते बरं.

ज्युनिपरची चव वाढवायला दिवस वाढवू नका, ज्युनिपर वाढवा. त्याची सुटी पाकिटं आमच्याकडे मिळतात. रानातून तोडून आणलेलं वापरू नका, त्याच्या काही जाती विषारी असतात. व्होडका साधी, बिनवासाची घ्या. महागडी घेऊन फायदा नाही.

रंग पिवळसर येणारच. ऊर्ध्वपातन केलेली जिन पारदर्शक असते, कारण त्यात वाफेबरोबर सुगंध येतो, रंग मागेच राहतो. आपण नुसतं भिजवतो. टॉनिक घातल्यावर थोडी गढूळ दिसली तरी घाबरू नका. अल्कोहोल पातळ झालं की विरघळलेली सुगंधी तेलं बाहेर पडतात.

"मग घरीच ऊर्ध्वपातन करू का?" असंही विचारतात. नको. ती वाफ भडकते आणि बहुतेक देशांत त्याला परवाना लागतो. त्याचं सामान आम्ही विकत नाही, सल्लाही देत नाही.

तक्रार असेल तर जरूर फोन करा. फक्त दुसरी पुडी किती वाजता टाकली आणि किती वाजता काढली, ते लिहून ठेवलेलं असू द्या. आम्ही पहिलं तेच विचारतो.