अजिंठ्याची चित्रं ‘फ्रेस्को’ नाहीत

गाईड सांगतात, लेखांत छापून येतं, आणि वर्षानुवर्षं तेच फिरत राहतं: अजिंठ्याची चित्रं म्हणजे फ्रेस्को. तसं नाही.

फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे कोंडले जातात. अजिंठ्याची रीत वेगळी. खडक मुद्दाम खडबडीत ठेवला, त्यावर माती, भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा लेप दिला, वर पांढरा पातळ थर. तो वाळल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग: गेरू, पिवळी माती, काजळी. निळ्यासाठीचा लाजवर्द हा दगड मात्र अफगाणिस्तानातला.

फरक नावापुरता नाही. इथे रंग भिंतीत मुरलेला नाही, नुसता वर चिकटलेला आहे. ओल्या फडक्याने पुसलात तर तो सुटतो. श्वासाच्या दमटपणाने सरस सैलावतो, लेपातलं तूस आणि तंतू किडे खातात, मग आतून पोकळ झालेला पापुद्रा एका बोटानेही गळून पडतो. ओला कपडा मारून ‘रंग उजळवण्याचा’ उद्योग तर सर्वांत घातक.

उपचारही बाधतात. निजाम सरकारने 1920च्या सुमारास इटालियन तज्ज्ञ बोलावले. सुटणारे पापुद्रे त्यांनी बसवले, हे श्रेय त्यांचंच; पण वर दिलेलं लाखेचं व्हार्निश पुढे पिवळं पडलं, त्यावर धूळ बसली. आज अनेक चित्रं तपकिरी दिसतात त्यामागे ते व्हार्निशही आहे.

म्हणून आत फ्लॅश बंद, पाठीवरची सॅक पोटाशी, आणि भिंतीला टेकून फोटो नको.