सातारा-सांगलीत मनाच्या आजारावरचं काम गावापर्यंत कसं आलं

महाराष्ट्रात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: नागपूर, ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी. चारही इंग्रजांच्या काळातली. रत्नागिरीचं तर 1886 सालचं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या वाट्याला यातलं एकही आलं नाही. त्यामुळे कृष्णा-वारणेच्या या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या एकच शिरस्ता होता. माणूस घरात आवरेनासा झाला, की त्याला येरवड्याला नाहीतर रत्नागिरीला पोहोचवायचं. जत किंवा आटपाडीच्या माणसाला येरवडा म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपासचा, नाहीतर त्याहून लांबचा प्रवास. एकदा पोहोचवलेल्या माणसाला भेटायला वर्षातून एकदा जाणंसुद्धा कित्येक घरांना परवडत नसे. मग भेटी थांबत आणि गावात त्याचं नाव निघणंही थांबे.

आज याच जिल्ह्यांत आशाताई घरोघरी जाऊन मनाचं विचारतात, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते रुग्णाला सिव्हिलच्या मानसोपचार विभागात घेऊन जातात, व्यसनमुक्तीच्या बैठका भरतात. वरून आलेली सरकारी योजना म्हणून हे सगळं सुरू झालं असं वाटू शकेल. इथली हकीकत थोडी वेगळी आहे. योजना आल्या आणि त्यांचं महत्त्व मोठंच आहे, पण सातारा-सांगलीत त्या येण्याआधी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आणि व्यसनमुक्तीच्या अशा दोन चळवळींनी जमीन नांगरून ठेवली होती.

आधी कायद्याची बाजू पाहू. 1912 च्या भारतीय वेडेपणा कायद्याने मनोरुग्णाकडे आधी बंदोबस्ताचा विषय म्हणून पाहिलं. दाखल करायला मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे, डॉक्टरांचे दोन दाखले लागत, आणि रस्त्यावर भटकणाऱ्या माणसाला पोलीस थेट कोर्टापुढे उभं करत. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही पंचेचाळीस वर्षं चालू राहिला. त्याच्या जागी आणलेला 1987 चा मानसिक आरोग्य कायदा अमलात यायला 1993 साल उजाडलं. खाटांचं म्हणाल, तर देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 साली हिशेब मांडला तेव्हा चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णालयांतल्या खाटा दहा हजारांच्या आसपास भरल्या होत्या. म्हणजे ज्यांना येरवडा गाठणं शक्य होतं, त्यांनाही आत जागा मिळेलच असं नव्हतं.

उरलेले कुठे जात होते? देवरुषाकडे, भगताकडे, नवसाला. कुणी मांढरदेवच्या काळूबाईला, कुणी आरेवाडीच्या बिरोबाला, कुणी मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात. ‘बाहेरचं लागलंय’, ‘करणी केलीय’, ‘लागीर झालंय’ ही तेव्हाची निदानं होती आणि आजही पुष्कळ घरांत पहिलं निदान तेच असतं. या लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. जवळ डॉक्टर नाही, असला तरी तो मनाचा नाही, आणि घरातली तरणी सून रात्रभर जागून भिंतीशी बोलते आहे. अशा वेळी जो माणूस पाच मिनिटांच्या अंतरावर आहे, जो घरच्यांचं ऐकून घेतो आणि ‘बरं होईल’ असं ठामपणे सांगतो, त्याच्याकडेच लोक जाणार. देवरुषाचं बळ त्याच्या मंत्रात नव्हतं, ते त्याच्या जवळ असण्यात आणि ऐकून घेण्यात होतं. पुढे जे काम या भागात टिकलं, ते याच दोन गोष्टी ओळखून उभं राहिलं.

देवरुषाच्या उपायांची दुसरी बाजू मात्र भीषण होती. साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं, चाबकाने किंवा छडीने मारणं, पायताण बुडवलेलं पाणी पाजणं, तापवलेली वस्तू अंगाला लावणं. ही यादी मी रचलेली नाही. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली केले जाणारे प्रकार म्हणून हे सारं लिहिलेलं आहे. कायदा करणाऱ्यांना ते इतकं तपशिलात लिहावं लागलं, कारण ते घडत होतं.

या कायद्याचा आग्रह ज्यांनी आयुष्यभर धरला, ते डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, दवाखाना साताऱ्यात. 1989 साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. अंनिसचं नाव निघालं की लोकांना बुवाबाजीचा भांडाफोड आठवतो, चमत्कारांमागचं विज्ञान दाखवणारी प्रात्यक्षिकं आठवतात. पण गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना आणखी एक गोष्ट दिसत होती. भानामतीची तक्रार आली म्हणून चौकशीला जावं, तर त्या घरात कुणीतरी मनाने पार खचलेलं सापडे. अंगात येणाऱ्या बाईशी दोन-चार वेळा निवांत बोलावं, तर तिला एरवी घरात तोंड उघडायची सोय नाही, हे कळे. केसांची जट कापून द्यायला तयार झालेल्या बाईच्या मनात देवीच्या कोपाची भीती खरी असे, आणि कात्रीच्या आधी त्या भीतीला हात घालावा लागे.

बुवाला उघडं पाडलं की कार्यकर्त्याचं काम संपलं, असं यात होत नव्हतं. बुवाकडे जाणं थांबलं, आता पेशंटला न्यायचं कुठे? हा प्रश्न विचारला गेला, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वळण वाटतं. त्यातूनच पुढे ‘मानसमित्र’ उभे राहिले. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर आणि साताऱ्यातली परिवर्तन संस्था यांच्या पुढाकाराने कार्यकर्त्यांना मनाच्या प्रथमोपचाराचं शिक्षण मिळू लागलं. मानसमित्र डॉक्टर नसतो, निदान करत नाही, गोळ्या देत नाही. लक्षणं ओळखणं, ऐकून घेणं, तज्ज्ञापर्यंत सोबत जाणं आणि नंतर औषध चालू आहे ना याची विचारपूस करत राहणं, एवढंच त्याचं काम. एवढंच म्हटलं, पण आजवर नेमकं हेच कुणी करत नव्हतं.

अशा कार्यकर्त्याचं घरच्यांशी बोलणं साधारण असं असतं: “देवाचं तुम्ही करा, त्याला आमची आडकाठी नाही. पण गोळी एक दिवस चुकवू नका.” वाद घालून कुणाची श्रद्धा मोडायची आणि मग उपचार सुरू करायचे, एवढा वेळ स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास-संशयाच्या तीव्र आजाराच्या, रुग्णाकडे नसतो. या औषधांचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. जरा बरं वाटलं की घरचे गोळ्या बंद करतात, काही महिन्यांत आजार उलटतो, आणि सारा दोष औषधावर येतो. त्या मधल्या महिन्यांत दारात येऊन “काय, कशी झोप लागती?” असं विचारणारं माणूस असेल, तर पुष्कळ रुग्ण टिकतात.

दुसरी चळवळ व्यसनमुक्तीची. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली मुक्तांगण सुरू केलं. साताऱ्यात परिवर्तनचं कामही व्यसनमुक्तीपासूनच वाढलं. दारूच्या निमित्ताने मनाचा विषय गावाच्या बैठकीत उघडपणे आला, हा तिचा मोठा फायदा झाला. कुणाच्या घरात उदासीचा आजार आहे हे गाव बोलत नसे, पण कुणाच्या घरात दारू आहे हे सगळ्यांना माहीत असे, आणि दारूबंदीसाठी बाया एकत्र येत होत्या. दारू हा आजार आहे, त्याला उपचार आहेत, पिणाऱ्याच्या बायकोलाही आधार लागतो, हे एकदा पटलं की पुढचं बोलणं सोपं जातं. पिणारा माणूस मुळात झोप येत नाही म्हणून पीत होता, किंवा छातीत धडधडतं म्हणून पीत होता, हे अशा बैठकांतच बाहेर येई. सांगलीत आणखी एक नमुना होता. 1992 पासून संग्राम संस्थेने एचआयव्हीच्या कामात वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच कार्यकर्त्या केलं. आपल्यातल्याच माणसाने सांगितलेलं पटतं आणि पोहोचतं, हे या जिल्ह्याने मानसिक आरोग्याचा गाजावाजा होण्याआधीच पाहिलं होतं.

देशात दुसरीकडे काय चाललं होतं, तेही थोडक्यात सांगायला हवं. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात नातेवाइकांना रुग्णासोबत तंबूत राहू दिलं आणि माणसं लवकर बरी होऊन घरी जातात, हे दाखवून दिलं. सत्तरच्या दशकात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने आणि चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने खेड्यांत जाऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांतूनच उपचार देऊन पाहिले. त्यावरून 1982 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, कर्नाटकातल्या बेल्लारीत त्याचा जिल्हा पातळीवर प्रयोग झाला आणि 1996 पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. पुढे गोव्यात आणि विदर्भात झालेल्या अभ्यासांनी, नीट शिकवलेला गावातला साधा कार्यकर्ताही नैराश्याच्या रुग्णाला खरी मदत करू शकतो, हे आकड्यांनिशी सिद्ध केलं. सातारा-सांगलीचे कार्यकर्ते अनुभवाने जे म्हणत होते, त्याला असा आधार मिळाला.

6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांत बांधलेले 28 मनोरुग्ण पळता न आल्याने जळून गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यावर स्पष्ट बंदी घातली. हा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा त्यात नागरिकाचा हक्क आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी मदत द्यायची आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा त्याच्या आधीचा. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. मनोरुग्णाच्या बाजूने हे दोन कायदे एकत्र वाचले पाहिजेत. एक मारहाण थांबवतो, दुसरा उपचाराचं दार उघडतो.

या भागाला आपत्तींनीही शिकवलं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मदत म्हणजे धान्य, घोंगड्या आणि पत्रे. पत्र्याच्या शेडमध्ये रात्री दचकून उठणाऱ्या माणसाचा विचार त्या काळच्या मदतकार्यात नव्हता. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर वाचलेल्यांच्या मनाचा अभ्यास झाला आणि निदान जाणकारांत तरी विषय रुजला. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. पूर ओसरल्यावर चिखल काढायला आलेल्या स्वयंसेवकांना लोक घराच्या नुकसानीआधी त्या रात्रीचं सांगत सुटायचे. ऐकून घेणं हीसुद्धा मदत आहे, हे त्या आठवड्यांत पुष्कळांना पहिल्यांदा उमगलं. मग 2020 चा मार्च आला. राज्यातल्या कोरोनाच्या सुरुवातीच्या मोठ्या साखळ्यांपैकी एक इस्लामपुरात सापडली आणि आजारापेक्षा बदनामीची भीती मोठी झाली. टाळेबंदीत अंनिस आणि परिवर्तनने फोनवरून मानसिक आधार देण्याचं काम सुरू केलं.

आता आशाताईंचं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा आजारांचा धोका तपासायला जो सीबॅक नावाचा फॉर्म त्या भरतात, त्यात शेवटी मनाविषयी दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस, आनंद वाटेनासा झालाय का? उदास, निराश वाटतं का? कागदावर सोपे. पण ओसरीवर सासू तांदूळ निवडत बसलेली असते, दीर गाडी पुसत असतो, आणि सुनेने उत्तर द्यायचं असतं. ती म्हणते, “काय नाय ताई, बरं हाय.” फॉर्मवर शून्य पडतं. ज्या आशाताई मुरलेल्या आहेत, त्या तिथे थांबत नाहीत. बाळाच्या लसीचं निमित्त काढून पुन्हा जातात, “जरा कोपऱ्यापर्यंत चल की” म्हणून तिला उंबऱ्याबाहेर काढतात, आणि मग खरं काय ते कळतं. या कौशल्याला फॉर्मवर रकाना नाही आणि आशांच्या मोबदल्यातही त्याचा विचार नाही. तो झाला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापुढचा अडसर औषधांचा. माणूस बोलता झाला, सिव्हिलला गेला, गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या महिन्याच्या गोळ्या माण-खटावच्या किंवा जतच्या टोकाच्या गावातल्या माणसाला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाल्या, तरच तो टिकतो. दरमहा एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी सोसून जिल्ह्याच्या गावाला यायला लागलं, तर तिसऱ्या महिन्याला खंड पडतो. जनजागृतीची कितीही व्याख्यानं दिली तरी या एका जागी सगळं अडतं. लोकांना जागं करून उपचार हाताशी न देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

शेतकरी आत्महत्यांसाठी राज्याने 2015 साली आणलेला प्रेरणा प्रकल्प विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांपुरता होता. तासगावचा द्राक्षबागायतदार अवकाळीने कोलमडतो, तेव्हा त्याच्या जिल्ह्याचं नाव त्या यादीत नसतं. आणि काही माणसं तर गावाच्या यादीतच नसतात. खानापूर-आटपाडीचे गलाई कामगार सोन्या-चांदीच्या भट्ट्यांवर देशभर पांगलेले, घरी वर्षातून एकदा यात्रेला येणारे. साताऱ्याचे माथाडी मुंबईत. उलट बीडकडच्या ऊसतोड टोळ्या हंगामात इथल्या फडांवर कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, करून राहतात. त्यांची आशाताई तिकडे गावी, इथल्या आशाताईच्या वहीत त्यांची नोंद नाही. 10 ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस या सरकारच्या मानसिक आधाराच्या फोनसेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, फुकट आणि मराठीतूनही चालतो, आणि या माणसांना आज सगळ्यांत जवळची सोय तीच आहे. कारखान्यांच्या गटकार्यालयात, गाडीअड्ड्यावर, कोप्यांच्या तळावर हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावायला कुठल्याही नव्या योजनेची गरज नाही. येत्या हंगामात टोळ्या उतरण्याआधी ते व्हावं.