डोळ्यांना दचकवण्याचं शास्त्र

वेलीच्या काडीवर पेरापेरापाशी फुगीर गाठ असते तिला आपण डोळा म्हणतो, आणि तिच्यातून हिरवं टोक डोकावलं की डोळा फुटला म्हणतो. पानं गळालेल्या किवीच्या किंवा द्राक्षाच्या वेलीवर भर हिवाळ्यात असे शेकडो डोळे मिटलेले असतात. वसंतात त्यांतले काही फुटणारच, त्याची काळजी कुणाला नसते. काळजी असते ती किती फुटतील आणि एकाच वेळी फुटतील का, याची. काडीवर तीस डोळे, त्यांतले बारा फुटले, तेही तीन आठवडे रेंगाळत, तर वेल दिसायला हिरवीगार आणि फळाला बोडकी.

किवीच्या बाबतीत हे जास्तच बोचतं. किवीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. दोन्हींचा फुलोरा एकाच सुमारास आला नाही तर परागकण असून उपयोग नाही. शिवाय द्राक्षाच्या डोळ्यात पुढच्या घडाचा आराखडा आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेला असतो. किवीच्या डोळ्यात मात्र फुलांची खरी घडण डोळा फुटायच्या तोंडावर, वसंतात होते. त्यामुळे थंडी कमी पडलेला किवीचा डोळा फुटला तरी कित्येकदा नुसतीच पानं घेऊन येतो.

डोळा मिटलेला दिसतो तो दर वेळी एकाच कारणानं नाही. १९८७ मध्ये फळझाडांच्या अभ्यासकांनी या अवस्थांची तीन नावं ठरवली, आणि तेव्हापासून या विषयातला बराच गोंधळ कमी झाला. उन्हाळ्यात बाजूचा डोळा गप्प बसतो तो शेंड्याच्या धाकानं. शेंडा खुडला की तो लगेच निघतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला तो आतून मिटतो. तेव्हा फांदी तोडून ऊबदार खोलीत पाण्यात ठेवली तरी ढिम्म हलत नाही. आणि हिवाळ्याच्या शेवटी तो आतून तयार असतो, पण बाहेर अजून गारठा आहे म्हणून अडलेला असतो. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात: तपकिरी, कोरडे, मुके. बागायतदाराचा सगळा झगडा मधल्या अवस्थेशी असतो.

या मधल्या अवस्थेत आत काय होतं? झाडाच्या शेजारशेजारच्या पेशी अतिसूक्ष्म नळ्यांनी जोडलेल्या असतात आणि वाढीचे निरोप त्यांतून जातात. बर्च आणि पॉप्लरच्या शेंड्यांवर झालेल्या कामातून दिसलं, की दिवस लहान होऊ लागले की या नळ्यांच्या तोंडाशी कॅलोज नावाच्या पदार्थाची बुचं बसतात. पेशी जिवंत असते, श्वास घेत असते, पण तिला शेजारणीचं काही ऐकू येत नाही. दीर्घ थंडीत ही बुचं विरघळवणारी विकरं तयार होतात आणि नळ्या मोकळ्या होतात. याच्या जोडीला अ‍ॅब्सिसिक आम्ल हा वाढ रोखणारा संप्रेरक असतो आणि जनुकांचा एक गटही असतो. मेक्सिकोत पीचचं एक झाड सापडलं, ते हिवाळ्यातही वाढ थांबवत नाही. तपासल्यावर कळलं, की त्याच्या गुणसूत्रातून याच गटातली शेजारशेजारची जनुकं गळालेली आहेत. म्हणजे ही झोप थकव्यातून येत नाही. ती ठरवून लावलेली कडी आहे.

कडी काढते थंडी. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९२० मध्ये ब्लूबेरीवरच्या कामातून हे ठामपणे मांडलं: हिवाळाभर ऊबदार काचघरात लाडानं ठेवलेलं रोप वसंतात धड वाढत नाही, बाहेर गारठ्यात कुडकुडलेलं मात्र जोमानं फुटतं. मग थंडी मोजायची कशी, हा वाद सुरू झाला. सगळ्यात जुनी रीत म्हणजे ७.२ अंश सेल्सिअसच्या खालचे तास मोजणं. किवीच्या ‘हेवर्ड’ या नावाजलेल्या वाणाला असे ७०० ते १००० तास लागतात असं ढोबळमानानं धरतात. द्राक्षाचं बरंच कमी थंडीत भागतं. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीत दुपारची ऊब उणे धरली जाते. आणि १९८७ मध्ये इस्राएलमधून आलेली पद्धत मला सगळ्यांत पटते, कारण तिच्यात झाडाच्या स्मृतीचा विचार आहे. थंड तासांमध्ये डोळ्यात जणू कच्च्या विटा थापल्या जातात. दुपारी ऊन तापलं की त्या विरघळतात. पण पुरेशा विटा साचल्या की त्यांची भट्टी लागते, आणि भाजलेली वीट कितीही ऊन पडलं तरी विरघळत नाही. म्हणून ज्या प्रदेशात रात्री गार पण दुपारी कडक ऊन असतं, तिथे नुसते तास मोजणारा फसतो.

आता गंमत अशी, की थंडीशिवायही ही कडी निघू शकते, आणि हे माणसाला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसन यांनी ‘जीन’ (जनुक) हा शब्द १९०९ मध्ये दिला. त्याआधी १९०० च्या सुमारास हेच गृहस्थ लायलॅक ही फुलझाडं बंद पेटीत ईथरच्या वाफेत ठेवून हिवाळ्यात फुलवत होते! ज्या वाफेनं शस्त्रक्रियेआधी माणसाला झोपवायचं, तिनंच झाड जागं होत होतं. थोड्याच वर्षांनी वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी फांद्या तीसेक अंशांच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून तेच साधलं. योहानसन यांच्या आणखी एका निरीक्षणाकडे पुढे फार थोड्यांनी लक्ष दिलं: ही युक्ती झोपेच्या सुरुवातीला चालते, शेवटी चालते, पण ऐन मध्यावर झाड दाद देत नाही.

ईथर, कोमट पाणी, आणि पुढे सापडलेली डझनभर रसायनं. यांच्यात समान काय? बहुतेक सगळ्यांनी डोळ्याचा श्वास काही काळ अडखळतो. पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे दाहक रेणू साचतात आणि डोळ्याला जिवावरचं संकट आल्यासारखं वाटतं. इस्राएलमध्ये द्राक्षावर झालेल्या कामात प्राणवायूची टंचाई, उष्णतेचा झटका आणि श्वसन रोखणारी रसायनं या सगळ्यांनी डोळे फुटले, आणि डोळ्यातलं अ‍ॅब्सिसिक आम्ल मोडून काढणारी यंत्रणा चालू झालेली दिसली. थोडक्यात, डोळ्याला आपण प्रेमानं हाक मारत नाही, त्याला दचकवतो.

या दचकवण्यातलं सर्वांत नावाजलेलं हत्यार म्हणजे हायड्रोजन सायनामाइड. पेरॉक्साइडचा निचरा करणारं कॅटलेज हे विकर ते रोखतं, आणि डोळे झपाझप, एका लयीत फुटतात. पण तेच माणसाच्या शरीरात मद्याचा निचरा करणारी साखळीही मध्येच तोडतं. फवारणीनंतर कुणी दारू घेतली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. दारू सोडवण्याच्या उपचारातही हे रसायन वापरलं गेलं आहे, ते याच गुणामुळे. त्वचा आणि डोळे (माणसाचे) यांना ते भाजतं. युरोपीय संघानं २००८ मध्ये त्याला पीकसंरक्षणासाठी मान्यता नाकारली. सेंद्रिय शेतीत तर हे कृत्रिम रसायन मुळातच बसत नाही.

मग सेंद्रिय बागायतदारानं कशानं दचकवायचं? इथे लसूण येतो. जपानमध्ये नाओमी कुबोटा आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात छाटणीनंतर काडीच्या ताज्या कापावर ठेचलेल्या लसणाचा लेप लावला आणि द्राक्षाचे डोळे लवकर फुटलेले पाहिले. पुढे त्यांनी त्यातला कारागीरही शोधला: गंधक असलेले उडून जाणारे रेणू, मुख्यतः डायअलाइल डायसल्फाइड. अख्ख्या पाकळीत हे रेणू जवळपास नसतातच. पाकळी ठेचली की तिच्यातलं विकर आणि कच्चा माल एकत्र येतात, आधी अ‍ॅलिसिन बनतं, आणि ते मोडता मोडता हे रेणू निघतात. म्हणून ठेचून दिवसभर उघडा पडलेला लेप म्हणजे नुसता चिखल. आणखी एक अडचण वेलच उभी करते. हिवाळा सरता सरता मुळांचा दाब वाढतो आणि कापातून पाणी ठिबकू लागतं. तेव्हा लावलेला लेप काही तासांत धुऊन जातो.

लसणाबद्दल उत्साहानं बोलणारे बरेच भेटतात. माझं मत जरा थंड आहे. कापावरचा लेप त्या कापालगतच्या डोळ्यांवर चालतो. वीस-तीस डोळ्यांच्या लांब किवीच्या काडीवर तो टोकाशीच राहतो. अर्क फवारला तर उडून जाणारा रेणू किती वेळ टिकेल हे वारा ठरवतो. वनस्पतिजन्य तेलांची फवारणी डोळ्यावर पातळ थर धरून हवेची ये-जा मंदावते, म्हणजे तत्त्व तेच, श्वास अडवण्याचं. पण मात्रा किंवा वेळ चुकली तर डोळा दचकायच्याऐवजी मरतो. ‘सेंद्रिय’ या शब्दानं हा धोका कमी होत नाही.

बाटलीत न मिळणारे उपाय कमी नाट्यमय असतात, म्हणून त्यांच्याबद्दल कमी बोललं जातं. उभी काडी शेंड्याकडचे दोन-चार डोळे फोडते आणि बुडखा आंधळा ठेवते. तीच तारेवर आडवी बांधली की धाक ढिला पडतो आणि फुटवा सारखा होतो. आदल्या उन्हाळ्यात सावलीत वाढलेल्या किवीच्या काडीचे डोळे कमी फुटतात, उन्हातल्या काडीचे जास्त. म्हणजे वसंतातला फुटवा बराचसा आदल्या उन्हाळ्यातल्या छाटणीत ठरतो. शरदात नत्र जास्त झालं तर वेल हिरवी राहते, झोपायलाच उशीर करते, आणि मग तिच्या वाट्याला थंडी कमी येते. फुटवा कमी येणार हे गृहीत धरून सेंद्रिय किवीवाले छाटणीत मुळातच जास्त काड्या राखतात. त्यात दाटी होण्याचा धोका आहे, पण तो कात्रीनं सावरता येतो. उष्ण, कोरड्या प्रदेशात हिवाळ्यातल्या तापलेल्या दुपारी फळझाडांवर पाण्याचे बारीक तुषार सोडतात. ते पाणी उडताना डोळा गार ठेवतं आणि कच्च्या विटा वाचतात.

लवकर फुटण्याची हावही बरी नाही. किवीचा कोवळा कोंब शून्याच्या जरा खाली पारा गेला तरी काळा पडतो, आणि धुकं-दहिवर संपायच्या आधी जागी झालेली वेल उरलेला हंगाम नव्या फुटव्याची वाट पाहते.

झोप कुठवर आली आहे हे विचारायची एक जुनी, सोपी सोय आहे. हिवाळ्याच्या मध्यापासून दर आठवड्याला काही काड्या कापायच्या, प्रत्येकी एकच डोळा असलेले त्यांचे तुकडे करायचे, बुडं पाण्यात ठेवून वीस-पंचवीस अंशांच्या उजेडाच्या खोलीत ठेवायचे आणि कोणत्या दिवशी किती फुटले ते लिहून ठेवायचं. पहिल्या आठवड्यांतले तुकडे महिनाभर तसेच बसतात. मग एका खेपेला निम्म्याहून अधिक तुकडे दोन-तीन आठवड्यांत हिरवे होतात. तोवर लसूण ठेचायला घेऊ नये.