मोह म्हणजे दारू, हे कधी ठरलं?

मोहाच्या फुलांचे लाडू पुढे केले की हमखास कोणीतरी विचारतंच, चढणार नाही ना? पालघरपासून मेळघाट, गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी घरांत मात्र मोह म्हणजे वर्षाची बेगमी. दारू गाळायचे, नाही कशाला म्हणू, देवाला आणि लग्नकार्यालाही ती लागायचीच, पण पोटाला लागायचा तो मोह वेगळा.

मार्च-एप्रिलमध्ये रात्रीतून फुलं गळतात, पिवळट, गरगरीत, रसाने भरलेली. झाडाखालचा पाचोळा आधीच साफ करून ठेवायचा आणि उजाडायच्या आत टोपली घेऊन जायचं, नाहीतर गुरं फस्त करतात, आणि जंगलात असाल तर अस्वलसुद्धा वाटेकरी. अंगणात वाळली की फुलं तांबूस होतात, थेट मनुकाच. ती ठेवायची पावसाळ्यासाठी, कारण नेमकं तेव्हाच घरातली नागली-वरई संपत आलेली असते. मग कधी उकडून, कधी भाजून तिळाबरोबर कुटून, कधी पिठात मिसळून भाकरी. पुढे फळं आली की बियांचं तेल, म्हणजे फोडणीचं पण काम झालं.

हे सगळं बिघडलं ते महसुलाच्या हिशोबाने. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती भट्ट्यांवर गदा आली, दारू हवी तर कर भरलेली, ठेकेदाराच्या दुकानातली घ्या. उरणला मोठ्या भट्ट्या होत्या, पारशी मालकांच्या, आणि त्यांना लागणारा मोह यायचा गुजरातेतल्या पंचमहालातून. तरी लोक चोरून गाळतातच म्हणून १८९२ मध्ये सरकारने खास मोहाचाच कायदा केला, म्हौरा ॲक्ट, आणि ठाणे नि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत फुलांवरच बंधनं आणली. म्हणजे गंमत बघा, बाहेरचा मोह उरणला जाऊन दारू झाला तर चालतो, आणि कातकरी, वारली बाईने दारातल्या झाडाचा वेचला की ती संशयित! चार वर्षांत, १८९६ ला, दुष्काळ आला.

स्वातंत्र्यानंतर तरी सुटका होईल ना? नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलं नाव घेऊन होतीच, बाळगायला न्यायला परवाना. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, म्हणजे फुलं, फळं, बांबू असा जंगलातला माल, लोकांचं असं म्हटलं, २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, बांबूची बरीच चर्चा झाली, मोह मात्र अबकारीच्या कलमांत तसाच अडकलेला. मधल्या काळात रेशनचा गहू-तांदूळ घरात आला, नागली कमी झाली, आणि मोहाची भाकरी कशी थापायची ते आता म्हाताऱ्या बायकांनाच विचारावं लागतं.

फुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरचे निर्बंध राज्य सरकारने उठवले ते थेट २०२१ मध्ये. १८९२ पासून मोजलं तर १२९ वर्षं.