ऑपरेशनची गुंतागुंत आणि डॉक्टरचा निष्काळजीपणा

खानदेशात कोणाच्या शस्त्रक्रियेनंतर विपरीत घडले, की ओट्यावर एकच वाक्य ऐकू येते: ‘ऑपरेशन बिघडनं.’ अहिराणीतले हे वाक्य घरावर ओढवलेला प्रसंग सांगते, पण त्याचे कारण सांगत नाही. शस्त्रक्रियेतून उद्भवलेली गुंतागुंत आणि डॉक्टरचा निष्काळजीपणा या कायद्याने पूर्णपणे वेगळ्या मानलेल्या दोन गोष्टी त्या एका क्रियापदात मिसळून जातात. नुकसानभरपाईचा दावा करावा की नाही, याचा विचार करणाऱ्या कुटुंबाने आधी त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत.

गुंतागुंत म्हणजे योग्य काळजी घेऊनही काही रुग्णांच्या वाट्याला येणारा, वैद्यकशास्त्राला आधीपासून ठाऊक असलेला धोका. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण साधारणपणे 1000 रुग्णांमागे 3 ते 5 असे मानले जाते, आणि पित्ताशयाला फार सूज असेल तर अनुभवी सर्जनच्या हातूनही असे घडू शकते. निष्काळजीपणा मात्र तेव्हाच सिद्ध होतो, जेव्हा त्याच शाखेच्या साधारण कुशल डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली नाही आणि रुग्णाचे नुकसान त्याच कारणाने झाले, असे दाखवता येते. यातला दुसरा भाग लोक सहसा विसरतात. चूक झाली पण तिच्यामुळे अपाय झाला नाही, किंवा अपाय झाला पण तो त्या चुकीमुळे नव्हे, अशा दोन्ही स्थितींत दावा टिकत नाही. मान्यताप्राप्त दोन पद्धतींपैकी डॉक्टरने एक निवडली आणि ती यशस्वी झाली नाही, एवढ्यावरूनही दोष लागत नाही.

तरीही ‘ही तर ठाऊक असलेली गुंतागुंत आहे’ हे उत्तर ऐकून फाईल मिटवणे मला योग्य वाटत नाही. समजा, अमळनेरच्या एका बाईंचे पित्ताशय काढले आणि पित्तनलिकेला इजा झाली. दुसऱ्या दिवशी पोट फुगले, ताप आला, तेव्हा डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, पित्ताची गळती ओळखली आणि त्यांना तातडीने जळगावला किंवा नाशिकला पाठवले, तर ती गुंतागुंतच. परंतु त्याच बाई चार दिवस पोटदुखीची तक्रार करत राहिल्या, कोणी नीट तपासले नाही, ‘गॅस झाला असेल’ म्हणून इंजेक्शन दिले आणि डोळे पिवळे पडल्यावरच धावपळ झाली, तर इजा तीच असूनही प्रकरण बदलते. तालुक्याच्या गावी अतिदक्षता विभाग नसणे हा त्या डॉक्टरचा दोष ठरत नाही; तो नाही हे माहीत असताना रुग्णाला वेळेत न हलवणे हा दोष ठरू शकतो.

काही चुका मात्र स्वतःच बोलतात. 1963 मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर एका महिलेच्या पोटात कापड राहिले आणि तिचा मृत्यू झाला. कुटुंबाने दिवाणी दावा केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये, म्हणजे तब्बल 33 वर्षांनी, राज्य शासनाला जबाबदार धरले. पोटात कापड राहणे याला कोणताही डॉक्टर गुंतागुंत म्हणणार नाही.

संमतिपत्रावर सही केली म्हणून हक्क संपला, हा समज चुकीचा आहे. ती सही समजावून सांगितलेल्या धोक्यांना दिलेली संमती असते, निष्काळजीपणाला दिलेली माफी नव्हे.

फौजदारी तक्रारीची पायरी याहून बरीच उंच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार त्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो, आणि पोलिसांनी डॉक्टरविरुद्ध पाऊल उचलण्यापूर्वी त्या विषयातील दुसऱ्या, शक्यतो शासकीय सेवेतील, डॉक्टरचे निष्पक्ष मत घेणे अपेक्षित आहे. संतापाच्या भरात लोक आधी पोलीस ठाण्यात जातात, तेव्हा हे अंतर त्यांना कोणी सांगितलेले नसते.

भरपाईसाठी सहसा ग्राहक आयोगाचा मार्ग असतो, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. सर्वांना मोफत उपचार देणारे सरकारी रुग्णालय त्यात येत नाही. तिथे दिवाणी न्यायालय उरते. मात्र इतरांकडून पैसे घेणाऱ्या खासगी रुग्णालयात एखाद्यावर मोफत उपचार झाले असले, तरी त्यालाही दाद मागता येते. उपचारासाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते, आणि ती 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. 2019 च्या ग्राहक कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे सुरतेत शस्त्रक्रिया झालेल्या नंदुरबारच्या रुग्णाला गुजरातेत खेटे घालण्याची गरज उरलेली नाही. मुदत 2 वर्षांची आहे. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये.

या सगळ्याच्या आधी कागद हवेत. घरी सहसा डिस्चार्ज कार्डच असते, पण खरी हकिगत शस्त्रक्रियेच्या टिपणात, भूल देणाऱ्याच्या नोंदीत आणि परिचारिकांच्या तक्त्यात असते, जिथे ताप, नाडी आणि रुग्णाची तक्रार तासातासाने लिहिलेली असते. लेखी मागणी केल्यावर 72 तासांत ही कागदपत्रे देणे डॉक्टरांच्या आचारसंहितेने बंधनकारक केले आहे. ती घेऊन शक्यतो दुसऱ्या शहरातल्या, त्याच शाखेच्या सर्जनकडे जावे. गावातले डॉक्टर एकमेकांना ओळखतात आणि मोकळेपणाने बोलणे त्यांनाही जड जाते. त्या सर्जनला ‘चूक झाली का?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा गुळमुळीत मिळते. त्याऐवजी तक्त्यातल्या ज्या दिवशी ताप चढलेला दिसतो त्या ओळीवर बोट ठेवून, ‘ही नोंद पाहिल्यावर त्या रात्री तुम्ही काय केले असते?’ असे विचारावे.