शुगर-फ्री च्युइंगम आणि दात: श्रेय नक्की कुणाचं?

च्युइंगमने दात किडतात हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण गंमत बघा, १८६९ मध्ये च्युइंगमचं पेटंट घेणारा ओहायोचा विल्यम सेम्पल चक्क डेंटिस्ट होता आणि चघळता चघळता दात साफ व्हावेत म्हणून त्याने त्यात खडू, कोळशाची पूड वगैरे सुचवली होती! पुढे गममध्ये साखर आली आणि सगळं उलटंच झालं. शुगर-फ्री गमने मात्र दात कमी किडतात, मग त्याचं श्रेय कशाला?

साखर नक्की काय करते हे १८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये मिलर नावाच्या डेंटिस्टने मांडलं, की तोंडातले बॅक्टेरिया ती खाऊन ॲसिड बनवतात. मग १९४० च्या दशकात स्टीफन या संशोधकाने मोजून दाखवलं की साखरेच्या पाण्याने चूळ भरली की काही मिनिटांतच दातांवरच्या थराचा पीएच (तो जितका कमी तितकं ॲसिड जास्त) धाडकन खाली येतो, आणि तो साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या टणक आवरणातलं, कॅल्शियम-फॉस्फेट सुटायला लागतं. पण हे एकाच दिशेने चालत नाही, ॲसिड ओसरलं की लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट परत दातात बसतं. मऊ पडलेलं एनॅमल लाळेने पुन्हा कडक होतं हे जोसेफ हेडने १९१२ मध्येच लिहून ठेवलं होतं, तरी बराच काळ फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

मग आलं फिनलंड. १९७० च्या दशकात तुर्कूमध्ये शाइनिन आणि माकिनेन यांनी लोकांना साखरेऐवजी झायलिटॉल हा गोड पदार्थ दिला, त्यांच्यात किडण्याचं प्रमाण खूपच कमी निघालं, आणि १९७५ मध्ये तिथे झायलिटॉलचं गम दुकानात आलंसुद्धा. तेव्हापासून सगळं कौतुक झायलिटॉलच्या वाट्याला. मला विचाराल तर हे थोडं अन्यायाचंच आहे, कारण नंतर हंगेरीत शाळकरी मुलांना जेवणानंतर साधं सॉर्बिटॉलचं (साखरेऐवजी वापरतात तो आणखी एक गोड पदार्थ) गम चघळायला दिलं तर गम न खाणाऱ्या मुलांपेक्षा त्यांचेही दात कमी किडले. म्हणजे झायलिटॉलचा वेगळा फायदा असेलही, बॅक्टेरियांना ते पचत नाही हे खरंच आहे, पण मुख्य काम चघळण्याचं, चघळलं की लाळ कितीतरी पटीने वाढते, तिच्यात बायकार्बोनेट जास्त असतं, ॲसिड लवकर मरतं आणि दुरुस्तीला वेळ मिळतो.

मेलबर्नचे संशोधक एरिक रेनॉल्ड्स आणखी पुढे गेले, दुधातल्या कॅसीन या प्रथिनापासून त्यांनी कॅल्शियम-फॉस्फेट विरघळलेलं धरून ठेवणारा पदार्थ काढला, तो रिकॅल्डंट नावाने गममध्ये आला (दुधाची ॲलर्जी असेल तर अर्थात लांबच राहा).

२०१२ मध्ये युरोपियन युनियनने शुगर-फ्री गम दातातली खनिजं टिकवायला मदत करतं असं पाकिटावर छापायला परवानगी दिली, पण अट अशी की खाल्ल्या-प्यायल्यावर किमान २० मिनिटं चघळायचं हेही सांगायचं. आणि ही दुरुस्ती फक्त पांढरा डाग पडलेल्या, अजून न फुटलेल्या एनॅमलची, एकदा खड्डा पडला की तो कुठल्याच गमने भरत नाही, तिथे डेंटिस्टच लागतो.