क्लेपूल आणि सेंट ब्राउन: गुण सारखे, भविष्य वेगळं

अमेरिकन फुटबॉलच्या फँटसी डायनेस्टी लीगमध्ये तरुण वाइड रिसीव्हरचा (पास झेलणाऱ्या खेळाडूचा) भाव ठरवताना दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक म्हणजे त्याने गेल्या मोसमात मिळवलेले गुण. दुसरी म्हणजे तसे गुण वर्षानुवर्षं मिळवण्याची त्याची कुवत. पहिली गोष्ट अ‍ॅपवर ठळक आकड्यात दिसते, म्हणून सगळे तिच्यावरच बोली लावतात. दुसरी शोधावी लागते.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे ड्रीम११मुळे फँटसी म्हटलं की एका सामन्यापुरता संघ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकन फुटबॉलची फँटसी लीग मोसमभर चालते. रीड्राफ्ट प्रकारात दरवर्षी सगळे संघ नव्याने निवडले जातात. डायनेस्टीत मात्र एकदा घेतलेला खेळाडू तुम्ही त्याला ट्रेड (दुसऱ्या संघाशी अदलाबदल) करेपर्यंत किंवा सोडेपर्यंत तुमचाच राहतो. त्यामुळे बावीस वर्षांच्या पोराला घेताना तो सव्विसाव्या वर्षी काय करत असेल, हे बघावं लागतं. पीपीआर पद्धतीत प्रत्येक झेलाला १ गुण, दर १० यार्डांना १ आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोल लाइनपलीकडे नेण्याला, ६ मिळतात.

आता दोन रुकी, म्हणजे पहिल्याच मोसमातले खेळाडू, शेजारी शेजारी ठेवू. चेस क्लेपूलला २०२० मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सने एनएफएल या अमेरिकेतल्या मुख्य लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या प्रक्रियेत) दुसऱ्या फेरीत ४९व्या क्रमांकावर घेतलं. त्या मोसमात त्याचे ६२ झेल, ८७३ यार्ड आणि ९ टचडाउन झाले, शिवाय चेंडू घेऊन धावत आणखी २. आमोन-रा सेंट ब्राउनला पुढच्या वर्षी डेट्रॉइट लायन्सने चौथ्या फेरीत ११२वा घेतला. त्याचे ९० झेल, ९१२ यार्ड, ५ टचडाउन आणि धावत १. पीपीआरचा हिशेब केला, तर दोघांची सरासरी सामन्यामागे साडेतेरा गुणांच्या आसपास येते. नुसती गुणांची यादी पाहणाऱ्याला दोघे एकाच पंगतीत बसलेले दिसणार. त्यात क्लेपूल ६ फूट ४ इंच उंच, वजन २३८ पौंड, आणि ४० यार्डांची धाव ४.४२ सेकंदांत. एवढ्या धिप्पाड देहाला इतका वेग क्वचितच असतो. बहुतेकांना तोच हवा होता, आणि का हवा होता हे कुणालाही समजेल.

पण गुण कुठून आले ते पाहा. क्लेपूलच्या ११ टचडाउनचे ६६ गुण होतात, म्हणजे त्याच्या एकूण कमाईचा जवळपास तिसरा हिस्सा. त्यातले चार टचडाउन ११ ऑक्टोबर २०२० रोजी फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्धच्या एकाच सामन्यातले. सेंट ब्राउनच्या गुणांत टचडाउनचा वाटा सहावा हिस्सादेखील नव्हता. त्याचं बहुतेक घर झेलांवर उभं होतं.

टचडाउन इतके बेभरवशाचे का, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. चेंडू गोल लाइनजवळ आला की पुढे काय होणार, हे रिसीव्हरच्या हातात फार थोडं असतं. प्रशिक्षक रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) धाव घ्यायला सांगू शकतो, क्वार्टरबॅक (पास फेकणारा) दुसऱ्याकडे बघू शकतो, झेल एक यार्ड अलीकडे संपू शकतो. संपूर्ण एनएफएलचा हिशेब पाहिला, तर साधारण चौदा झेलांमागे एक टचडाउन पडतो. २०२० मध्ये क्लेपूलला दर सात झेलांमागे एक मिळत होता. पुढच्या वर्षी त्याचे ५९ झेल आणि ८६० यार्ड झाले, म्हणजे जवळजवळ तितकेच. टचडाउन मात्र ९ वरून २ वर आले. तो २०२१ मध्ये अचानक वाईट खेळू लागला असं नव्हे. २०२० चे टचडाउनच त्याच्या नेहमीच्या मापाबाहेरचे होते.

तरीही नुसतं ‘टचडाउन घसरले, म्हणजे खेळाडू गेला’ असं म्हणणं मला मान्य नाही. टँपा बे बकॅनियर्सच्या माइक एव्हान्सने २०१४ मध्ये रुकी असताना १२ टचडाउन केले आणि पुढच्या वर्षी फक्त ३. फँटसीच्या तक्त्यात तो एकदम खाली गेला. पण त्याच २०१५ मध्ये क्वार्टरबॅक नवा, जेमिस विन्स्टन, तोही रुकी, आणि तरी एव्हान्सकडे १४८ वेळा चेंडू फेकला गेला, यार्ड १,२०६ झाले. २०१६ मध्ये पुन्हा १२ टचडाउन. पुढे २०२४ पर्यंत सलग ११ मोसम त्याने १,००० यार्ड ओलांडले आणि त्या बाबतीत दिग्गज रिसीव्हर जेरी राइसची बरोबरी केली. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्याने एव्हान्स स्वस्तात मागून घेतला, त्याने त्या १४८ टार्गेटचा अर्थ ओळखला होता.

टार्गेट म्हणजे क्वार्टरबॅकने तुमच्या दिशेने फेकलेला चेंडू, झेल होवो वा न होवो. रिसीव्हरला दर पास-खेळात आपला रूट (ठरलेला मार्ग) धावून बचावपटूपासून मोकळं व्हावं लागतं. वारंवार मोकळा होणाऱ्याकडेच चेंडू वारंवार येतो. म्हणून टार्गेट ही बऱ्याच अंशी कमाई असते.

बऱ्याच अंशी म्हणालो, पूर्णपणे नाही. कारण टार्गेट दानातही मिळतात. २०१४ मध्ये कॅरोलायना पँथर्सने स्टीव्ह स्मिथला सोडलं होतं, ब्रँडन लाफेल आणि टेड गिन दुसरीकडे गेले होते. रिकाम्या घरात रुकी केल्विन बेंजामिन आला. त्याच्याकडे दीडशेच्या घरात चेंडू फेकले गेले आणि झेल झाले ७३, जेमतेम निम्मे. १,००८ यार्ड आणि ९ टचडाउनमुळे तो डायनेस्टीत हिऱ्याच्या भावाने गेला. पुढचा मोसम गुडघ्याच्या दुखापतीत गेला, आणि २०१८ नंतर तो लीगमध्ये रिसीव्हर म्हणून दिसलाच नाही. त्याला मिळालेल्या चेंडूंमध्ये त्याच्या खेळापेक्षा संघाच्या गरजेचा भाग मोठा होता.

मग कमावलेलं टार्गेट आणि दानात मिळालेलं टार्गेट यांत फरक कसा करायचा? माझ्या मते सगळ्यात खरी परीक्षा एकच: आजूबाजूचे खेळाडू बदलले की काय होतं ते पाहायचं.

क्लेपूल २०२० मध्ये स्टीलर्सचा तिसरा रिसीव्हर होता. डिऑन्टे जॉन्सनला १४४ टार्गेट, जूजू स्मिथ-शूस्टरला १२८, क्लेपूलला १०९. २०२१ मध्ये जूजू खांद्याच्या दुखापतीने पाच सामन्यांनंतर बाहेर बसला. एवढी मोठी जागा रिकामी झाली, वर मोसमात एक सामना वाढलेला. क्लेपूलचे टार्गेट वाढायला हवे होते. ते १०९ वरून १०५ झाले. बेन रॉथलिसबर्गर आपला शेवटचा मोसम खेळत होता, त्याने जॉन्सनकडे १६९ वेळा चेंडू फेकला, रुकी रनिंग बॅक नाजी हॅरिसलाही भरपूर दिले. सगळ्या तक्त्यांत मला हा १०५ चा आकडा सर्वांत बोलका वाटतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये स्टीलर्सने क्लेपूलला शिकागो बेअर्सला ड्राफ्टमधल्या दुसऱ्या फेरीच्या पिकच्या (निवडीच्या हक्काच्या) बदल्यात देऊन टाकलं. शिकागोत त्याचे उरलेल्या मोसमात १४ झेल झाले.

सेंट ब्राउनच्या बाबतीत शंका उलट्या बाजूने घेतल्या गेल्या. २०२१ च्या शेवटच्या सहा सामन्यांत त्याने प्रत्येक वेळी ८ किंवा जास्त झेल घेतले, तेव्हा टाइट एंड (हाही पास झेलणारा खेळाडू) टी. जे. हॉकेन्सन त्यातल्या बहुतेक सामन्यांत जायबंदी होता. ‘दुसरं कुणी नव्हतं म्हणून याला मिळाले’ हा युक्तिवाद रास्त होता, बेंजामिनचं उदाहरण समोर असताना तर नक्कीच. फरक एवढाच की सेंट ब्राउन त्यातले बहुतेक चेंडू पकडत होता. २०२२ मध्ये हॉकेन्सन परतला, डी. जे. चार्क आला, पहिल्या फेरीत जेमसन विल्यम्सही घेतला गेला. सेंट ब्राउनचे टार्गेट ११९ वरून १४६ झाले, झेल १०६. २०२३ मध्ये ११९ झेल, १,५१५ यार्ड, १० टचडाउन. आपल्याआधी ड्राफ्ट झालेल्या सोळाही रिसीव्हरांची नावं हा मुलगा तोंडपाठ म्हणून दाखवतो. एप्रिल २०२४ मध्ये लायन्सने त्याच्याशी ४ वर्षांचा १२ कोटी डॉलरचा करार केला.

एक मोसम संपल्यावर ही परीक्षा अजून झालेली नसते, आणि ट्रेड तर तेव्हाच करायचा असतो. अशा वेळी ‘रूटमागे यार्ड’ हे माप कामाला येतं: एकूण यार्ड भागिले पास-खेळात धावलेले रूट. मोसमभरात हा आकडा २ च्या वर असलेला रुकी मी सहसा सोडत नाही. संघाच्या एकूण टार्गेटमधला त्याचा वाटाही पाहावा. आणि ड्राफ्टची फेरीही पाहावी, कारण पहिल्या फेरीतल्या खेळाडूला संघ जास्त काळ संधी देतो.

या सगळ्यातून निसटणारे खेळाडू असतातच. डॅव्हान्टे अ‍ॅडम्सला २०१५ मध्ये ग्रीन बे पॅकर्समध्ये जॉर्डी नेल्सन नसताना ९४ टार्गेट मिळाले, त्यात झेल ५०, यार्ड ४८३, टचडाउन १. कुठल्याही मापाने हा नापास. घोट्याच्या दुखापतीसह खेळत होता, ही गोष्ट आकड्यांत नव्हती. पुढच्या वर्षी १२ टचडाउन, आणि मग तो कितीतरी वर्षं लीगमधल्या सर्वोत्तम रिसीव्हरांपैकी एक होता.

अलीकडची जोडी मलिक नेबर्स आणि ब्रायन थॉमस ज्युनियर यांची. २०२४ मध्ये दोघेही रुकी. जॅक्सनविल जॅग्वार्सच्या थॉमसला १३३ टार्गेट, १,२८२ यार्ड, १० टचडाउन. न्यू यॉर्क जायंट्सच्या नेबर्सला १५ सामन्यांत १७० टार्गेट, १,२०४ यार्ड, ७ टचडाउन, तेही मोसमात तीन वेगवेगळे क्वार्टरबॅक सुरुवात करत असताना. मोसमाचे गुण थॉमसचे थोडे जास्त. वर सांगितलेल्या हिशेबाने मी तेव्हाही नेबर्सला वर ठेवत होतो. २०२५ च्या चौथ्या आठवड्यात नेबर्सच्या गुडघ्याचा एसीएल लिगामेंट तुटला. थॉमसही त्या वर्षी रुकी मोसमाच्या जवळ जाऊ शकला नाही. अशी दुखापत झालेला खेळाडू बावीस वर्षांचा असेल, तर डायनेस्टीत एक मोसम थांबणं परवडतं, रीड्राफ्टमध्ये नाही. म्हणून एकाच दिवशी एका लीगमध्ये नेबर्सला मागून घ्यावं आणि दुसऱ्या लीगमध्ये सोडून द्यावं, आणि दोन्ही निर्णय बरोबर असावेत, असं होऊ शकतं.